समुद्री टँकचा घरगुती सम्प आणि काचवाल्याकडचे अठरा दिवस

माझा तीन फुटी समुद्री टँक आहे, दोन क्लाऊन मासे आणि थोडा लाइव्ह रॉक (जिवाणू वस्तीला असलेले समुद्री दगड). सम्प म्हणजे मुख्य टँकच्या खाली ठेवायची, पाणी गाळायची दुसरी टाकी; पाणी वरून त्यात उतरतं आणि पंपाने परत वर जातं. तयार सम्पचे भाव ऐकले आणि घरीच करायचं ठरवलं. जुन्या बाजारातून दोन फुटी वापरलेला टँक उचलला, रात्रभर पाणी भरून ठेवला, कुठे थेंब नाही. झालं अर्धं काम, असं वाटलं.

मग सम्पचे कप्पे पाडणाऱ्या आतल्या आडव्या काचा. 5 मिमीचे चार तुकडे, बस. पेठेतल्या एका दुकानात कागदावर माप लिहून दिलं. "उद्या या." उद्या गेलो तर कापणारा माणूस आला नव्हता. मग "सोमवारी नक्की". ऑफिस सुटल्यावर हडपसरहून त्या ट्रॅफिकमधून पाच चकरा मारल्या, अठरा दिवस गेले, आणि शेवटी हातात तुकडे आले ते 305 मिमीचे! मी 291 लिहून दिलं होतं, कारण टँकची रुंदी बाहेरून बारा इंच म्हणजे 305, दोन्ही बाजूंच्या 5-5 मिमी काचा वजा केल्या की आत 295 उरतात आणि सिलिकॉनला दोन्हीकडे 2-2 मिमी जागा लागते. तर मला म्हणतो, "साहेब, बारा इंची टँकला बारा इंचच लागते." कागद त्याच्याच काउंटरवर पडलेला. परत कापून घेतले, पैसेही परत मोजले. अजून आठवलं की डोकं तापतं. तुम्ही टेप घेऊन जा, प्रत्येक तुकडा तिथंच मोजा, कडा घासून घ्या आणि मगच पैसे द्या.

सिलिकॉन बाथरूमचं बुरशीरोधक घेऊ नका, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मी आठवडाभर थांबलो. बबल ट्रॅपच्या (पाण्यातले बुडबुडे अडवणाऱ्या) काचांत इंचभर फट ठेवली. पितळी नळ-फिटिंग अजिबात नको, पितळेतलं तांबं कोरल-कोळंबीला विष.

हो, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, लाईट गेल्यावर पंप थांबतो आणि वरच्या टँकचं पाणी खाली सम्पमध्ये येतं. माझ्या टँकमधलं एक इंच म्हणजे जवळपास 9 लिटर, सम्पमध्ये तेच पावणेदोन-दोन इंच चढतं. तेवढी जागा रिकामी ठेवा आणि रिटर्न पाइपला (पाणी परत वर नेणाऱ्या) वरच्या टँकच्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन, म्हणजे पाइपमधून पाणी आपोआप उलटं ओढलं जाणं, तुटतो. ते भोक अधूनमधून साफ करा.

गुरुवारी नेहमीप्रमाणे लाईट गेली. मी सम्पसमोर मांडी घालून बसलो. पाणी चढत चढत मार्करच्या रेघेपाशी आलं आणि थांबलं, काठ अजून चार बोटं वर होता. आईला हाक मारून दाखवलं.