“दुखणार नाही हं” हे मी म्हणत नाही

लहान पोराला सुई टोचली की दुखतंच. एकदा फसवलं की पुढच्या वेळी पोर दारातूनच किंचाळतं. त्यापेक्षा “मुंगी चावल्यासारखं होईल, रडलास तरी चालेल, हात तेवढा हलवू नको” हे खरं.

परवा रात्री शिरोळकडचा ४ वर्षांचा एकजण दम लागून आमच्या इमर्जन्सीत आला. नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राचा मास्क बघून गडी थेट आईच्या पदरात. मग मास्क आधी त्याच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या बैलाला लावला. “बघ की, बैल वाफ घ्यालाय!” तो बैलाकडं बघत राहिला आणि पुढचा नंबर आपणहून लावला. सलाइनची २४ नंबरची पिवळी कॅन्युलाही (शिरेत घालायची बारीक नळी) आईच्या मांडीवरच लावली. आडवं पाडून चौघांनी दाबलं की पोर आणखी बिथरतं आणि शीर काही सापडत नाही.

दुखणं मोजायला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता असतो. ३ वर्षांपुढची बरीच मुलं त्यावर बरोबर बोट ठेवतात.

खरा ताप मोठ्या माणसांचा. खाटेभोवती अख्खी भावकी, त्यात एक मामा हमखास: “गप बस, न्हाईतर सिस्टर सुई टोचतील बघ!” सगळ्या मेहनतीवर पाणी. अशा मामांना मी केसपेपर काढायला पाठवते, रांग मोठी असली तर बरंच.