कस्टडीसाठी लढला का नाहीस? तुम्ही विचारलंत म्हणून

आत्याने विचारलं, ऑफिसात विचारलं, परवा तर एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी पण विचारलं, की अरे पोरगा त्याच्या आईकडे देऊन मेडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थासमोर तडजोड करून, सही कशी केलीस? एकदाच लिहून टाकतो.

मी काही साधुसंत नाही. सुरुवातीला माझीही भाषा 'बघूनच घेतो' हीच होती, स्क्रीनशॉट सगळे जपून ठेवलेले. फॅमिली कोर्टात आधी काउन्सेलरकडे पाठवतात, १९८४ च्या कायद्यातच आहे की कोर्टाने समेटाचा प्रयत्न करायचा. आम्हाला मिळालेल्या मॅडम "मूल आहे ना, जुळवून घ्या" याच्या पुढे गेल्याच नाहीत, त्यामुळे मला हे सगळं टाइमपास वाटायचं.

मग ती भेट. कोर्टात मुलांना भेटायला एक खोली असते, खेळणी, रंगवलेल्या भिंती, कोपऱ्यात दुसरी एक आजी नातवाला चिवडा भरवत होती. आमचा सात वर्षांचा, बूट काढलेच नाहीत त्याने. पझलचे तुकडे लावता लावता मान खाली घालून म्हणाला, "बाबा, जज काकांनी विचारलं ना कोणाकडे राहायचंय, तर मी सांगणारे पोटात दुखतंय." म्हटलं कोणी शिकवलं तुला हे? तर म्हणे कोणी नाही, गणिताच्या तोंडीला केलं होतं, टीचरनी सोडलं. आणि हसला. मीपण हसलो, काय करणार. बाहेर येऊन वकिलांना म्हटलं मेडिएशनला पाठवा. ते वैतागले, म्हणाले आपली केस स्ट्राँग आहे. असेल.

मेडिएशनमध्ये गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. मेडिएटर निकाल देत नाही, दोघांशी वेगवेगळं बोलतो आणि एकाने खासगीत सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही, त्यामुळे मी आत बसून तिच्याबद्दल वाट्टेल ते बोललो, तीही बोललीच असणार. गौरीजेवणाला तो कुठे असेल यावर तर अख्खी दुपार गेली. शेवटी शनिवार-रविवार आणि अर्धी मे महिन्याची सुट्टी माझ्याकडे, एवढं कागदावर आलं.

"हात कापून दिलेस" म्हणणाऱ्यांसाठी: कस्टडीचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर परत अर्ज करता येतो. आणि हो, पैसे संपत आले होते, तेही एक कारण आहे, लपवत नाही.

पण जुना मी अजून रात्री भांडतो माझ्याशी, लढला असतास तर पोरगा रोज इथे झोपला असता. असताही कदाचित. त्याला मी सांगतो पोटदुखीचं, तर तो म्हणतो पोरं विसरतात रे. काय बोलणार.

बाकी दिवाळीचं कागदात लिहायचं राहून गेलंय. ती म्हणते पाडव्यापर्यंत तिच्याकडे, मी म्हणतो नरकचतुर्दशीची अंघोळ माझ्या आईच्या हातची. व्हॉट्सॅपवर चालू आहे.