अभ्यासिकेच्या निधीसाठी दोन वर्षे : माझा अनुभव

मानखुर्दच्या आमच्या वस्तीत निम्मी घरे बौद्धांची आणि उरलेली बहुतेक मुस्लीम कुटुंबांची आहेत. समाजमंदिराच्या पोटमाळ्यावर मुलांची अभ्यासिका चालत असे आणि तिचे काम माझ्याकडे होते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या परिशिष्ट-2 साठी, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या यादीसाठी, घरांवर क्रमांक पडले, तेव्हा वस्तीत पात्र कोण आणि अपात्र कोण याखेरीज दुसरा विषय उरला नाही. 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा असलेल्यांना घर विनामूल्य आणि त्यानंतरच्या, 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क, हे शाळकरी मुलांनाही पाठ झाले होते. अभ्यासिकेची नोंद मात्र कोणत्याच यादीत नव्हती. म्हणून तिच्यासाठी सरकारी निधी मागायचा, असे आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत ठरवले.

पहिला अर्ज नागरी वस्ती सुधार योजनेतून, म्हणजे पूर्वीच्या दलित वस्ती सुधार योजनेतून केला. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आल्यामुळे नगरसेवकाचे शिफारसपत्र मिळणे शक्य नव्हते. ते आमदारांकडून घेतले. त्यानंतर वस्तीत अनुसूचित जातीची लोकसंख्या किती, असे विचारण्यात आले. आमच्या हाती 2011 च्या जनगणनेचे आकडे होते, पण ते प्रभागाचे होते, वस्तीचे नव्हते. शेवटी आम्ही चौघीजणी सहा रविवार दारोदार फिरलो.

त्या सहा रविवारांत कागदांमागची माणसे दिसली. एका घरात आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महार’, मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, आणि जातीचे प्रमाणपत्र घरात कोणाकडेच नाही. ते काढायचे तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि त्या दिवशी कुटुंब जिथे राहत होते त्या जिल्ह्यात अर्ज करावा लागतो. माणूस 1972 च्या दुष्काळापासून मुंबईत, पण पुरावा बीड जिल्ह्यातल्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात, म्हणजे शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीच्या नकलेत. दोन दिवसांची मजुरी बुडवून गावी जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांची गणना आमच्या तक्त्यात झाली तरी कार्यालयात धरली गेली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मधल्या काळात दुसऱ्या खात्याकडे अल्पसंख्याकांच्या योजनेतून अर्ज केला होता. 1993 च्या अधिसूचनेने मुस्लीम, ख्रिश्चन, शीख आणि पारशी यांच्याबरोबर बौद्धही राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक ठरले आहेत, त्यामुळे सगळी मुले एका अर्जात बसतील अशी आमची समजूत होती. तिथे सांगण्यात आले की बौद्धांसाठी समाजकल्याणचे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, आहे, त्यांची संख्या वेगळी दाखवा. एकाच सतरंजीवर बसून गणिते सोडवणारी मुले कागदावर दोन खात्यांत वाटली गेली. वस्तीसाठीचा निधी वस्ती बघून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण एका कनिष्ठ अभियंत्याने दाखवली. “ताई, जी जागा पाडायची आहे तिथे बांधकामाला पैसा मंजूर होणार नाही,” ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुनर्वसन इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्र यांची तरतूद नियमातच असते, हेही त्यांनीच लक्षात आणून दिले. आम्ही मागणी बदलली : बांधकाम वगळून बाके, कपाटे, दिवे आणि पुस्तके, म्हणजे हलवता येईल तेवढेच मागितले, आणि कल्याण केंद्राची जागा संध्याकाळी अभ्यासिकेला मिळावी असा ठराव रहिवाशांच्या नियोजित गृहनिर्माण संस्थेच्या सभेत करून त्याची प्रत योजनेच्या फाइलला जोडली.

सामानाला मंजुरी आली तोवर निम्मी कुटुंबे नवे घर मिळेपर्यंतचे भाडे विकासकाकडून घेऊन वाशी नाका आणि गोवंडीकडे पांगली होती. सध्या महापालिकेच्या शाळेचे दोन वर्ग आम्हाला सायंकाळी सहा ते नऊ मिळतात. कपाटांवर आम्ही वस्तीचे नाव रंगवून घेतले आहे आणि जी मुले लांब राहायला गेली, त्यांचे नवे पत्ते हजेरीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत.