हरणीबरोबर धावताना : जून ते जानेवारी

आज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पाच किलोमीटर झाले. खाणीकडच्या वळणावर डावीकडच्या झुडपांतून मोर निघाला. हरणीचे, म्हणजे माझ्या कुत्रीचे, कान उभे राहिले, मी "थांब" म्हणाले आणि ती थांबली. अंग थरथरत होतं, पुढचा उजवा पाय उचललेलाच होता, पण थांबली. मोर सावकाश वाट ओलांडून गेला. मी तिथेच उकिडवी बसले आणि खिशातले उकडलेल्या चिकनचे होते नव्हते तेवढे तुकडे तिला भरवले. जूनपासून याच एका गोष्टीसाठी धडपड चालली होती, म्हणून आज सगळं सविस्तर लिहून काढते. कुणाकडे कारवान, पश्मी, मुधोळ किंवा ग्रेहाउंड जातीचं कुत्रं असेल आणि त्याच्यासोबत धावायचं मनात असेल, तर उपयोगी पडेल.

हरणी कारवान जातीची. तुळतुळीत केसांची, फिकट बदामी रंगाची, वजन २१ किलो, खांद्याशी उंची २५ इंच. बार्शीजवळच्या एका शेतकऱ्याकडून आणली तेव्हा तीन महिन्यांची होती. निघताना ते मामा म्हणाले, "ताई, हिला डांबून ठिवू नका. आन् रस्त्यावर मोकळी बी सोडू नका. हिला लांबचं दिसतंय, जवळचं दिसत न्हाई." डोळे अधू आहेत असं त्यांना म्हणायचं नव्हतं. लांबवर काही हललं की मधला रस्ता, मधली पीएमटीची बस, मधला खड्डा यांतलं काहीच तिच्यासाठी उरत नाही. वासावर जाणारं कुत्रं नाक जमिनीला लावतं, तेवढ्यात आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो. नजरेवर शिकार धरणारं हे कुत्रं, म्हणजे साइटहाउंड, मान वर करतं आणि सुटतं. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलं म्हणून कारवान, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलं म्हणून मुधोळ, केसाळ असेल तर पश्मी. नाव कुठलंही लावा, स्वभाव हाच. मोकळ्या माळावर तो गुण आहे. पाषाण रस्त्यावर त्याच गुणाने जीव जाऊ शकतो.

जून

दीड वर्षाची होईपर्यंत तिला धावायला नेलंच नाही. लांब हाडांच्या उंच कुत्र्यांमध्ये हाडांची वाढती टोकं पक्की व्हायला एवढा काळ लागू शकतो. पिल्लाने स्वतःच्या मर्जीने हुंदडणं वेगळं आणि पट्ट्याला बांधून एकाच चालीने डांबरावरून पळवणं वेगळं. सुरुवात साधी ठेवली : एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असे सहा फेरे, आठवड्यातून तीन दिवस.

पहिले दोन आठवडे तिची चालच लागेना. मी किलोमीटरला आठ मिनिटांच्या वेगाने धावत होते. त्या वेगाला तिला धड चालता येईना आणि दुडकीही धरता येईना. मागचे पाय तिरके टाकत, माझ्याकडे वळूनवळून बघत चालायची. एकदा उतारावर माझा वेग आपोआप साडेसहापर्यंत गेला आणि ती एकदम दुडकीवर आली. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम, मग उलटी जोडी, पाठ सपाट, मान स्थिर. बाजूला शिवणयंत्र चालावं तशी लय. तेव्हा कळलं, हिला हळू लांब धाव नकोय. तिच्या दुडकीला जुळणारा वेग छोट्या तुकड्यांत आणि मध्ये निवांत चाल, हे तिला मानवतं. माझं धावणंही त्यामुळे सुधारलं.

चौखूर उधळणं हा वेगळाच व्यायाम आहे आणि तो मी दोरीवर कधीच करू देत नाही. पौड रस्त्याला मैत्रिणीचा प्लॉट आहे, सहा फुटी कंपाउंडचा. तिथे आधी दहा मिनिटं चालवून मग मोकळी सोडते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघितलं तर अंगावर काटा येतो. घोडा एका ढांगेत एकदा पूर्ण हवेत असतो. ही दोनदा. एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा ते पुढेमागे ताणलेले असताना. तीन फेऱ्या झाल्या की दोरी लावायची, ती आणखी मागत असली तरी. सवय नसताना अतिवेगाने धावलेल्या कुत्र्याचे स्नायू आतून मोडू शकतात. नंतर पाय ताठरले, लघवी तांबूस-काळपट झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

जुलै

इथे माझी चूक झाली. दुकानदाराने "मोठ्या कुत्र्यांना हीच द्या" म्हणून गुंडाळीची दोरी दिली. बटण दाबलं की पाच मीटर सुटते ती. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाला मांजर दिसलं. पाच मीटर ही हरणीला चांगला वेग घ्यायला भरपूर जागा झाली. दोरी संपली तेव्हा सगळा हिसका तिच्या मानेवर आला, मूठ माझ्या हातातून निसटली आणि ती प्लॅस्टिकची मूठ खडखडत तिच्या मागे. तिला वाटलं कुणीतरी पाठलाग करतंय. सोसायटीच्या बंद फाटकापाशी ती सापडली. तीन दिवस मान वळवताना कण्हत होती. साइटहाउंडला गुंडाळीची दोरी लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

त्यानंतर दोन मीटरची पक्की दोरी घेतली. मधला हातभर भाग लवचिक, म्हणजे हिसका विरतो. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, कमरेच्या हाडावर बसणाऱ्या रुंद पट्ट्याला अडकवायची. हिसका कंबरेवर आला तर आपण दोन पावलं पुढे ओढले जातो. मनगटावर आला तर खांदा जातो.

ऑगस्ट, सप्टेंबर

पावसात किलोमीटर वाढले नाहीत. टेकडीवर गवत गुडघ्याएवढं झालं की मधल्या पायवाटा सोडल्या. फुरसं, घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत आणि नजर लांब असलेल्या कुत्र्याला पायाखालचा साप दिसत नाही. डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, लेप्टोची लस वेळेवर घ्यायची. घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड बघायचे. रोज.

गोचिडांवरून एक महत्त्वाचं. सप्टेंबरमध्ये ती एक दिवस मरगळली म्हणून रक्त तपासलं. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ५६ टक्के आलं आणि रिपोर्टवर लाल खूण. प्लेटलेट नेहमीच्या पट्ट्यापेक्षा जरा कमी. गोचीडतापातही प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. पण ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांत निरोगी असतानाही तांबड्या पेशी जास्त आणि प्लेटलेट कमी असतात, हे आमच्या डॉक्टरांना माहीत होतं. गोचीडतापाची वेगळी तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली आणि दोन दिवसांत हरणी पूर्ववत झाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते : कुत्रं ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. आजारपणात तुलना करायला तोच उपयोगी पडतो. आणि कुठलीही शस्त्रक्रिया असली तर भुलीच्या आधी "हे साइटहाउंड आहे" असं आवर्जून सांगा. भुलीची काही औषधं या कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू उतरतात.

ऑक्टोबर

ऊन आणि कुसळं. टेकडीवरचं कुसळी गवत वाळलं की त्याची काळपट टोकं मोज्यांत घुसतात तशी तिच्या बोटांच्या मधेही घुसतात. पातळ कातडीमुळे लगेच आत शिरतात आणि मग पू होतो. महिनाभर मुरमाच्या रुंद रस्त्यावरच धावलो.

उन्हाचं गणित मी सोपं ठेवलंय. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवायची. सहन झाली नाही तर घरी. कुत्र्याला घाम फक्त पंज्यांच्या गादीला येतो, बाकी सगळा भार धापेवर. हडकुळं कुत्रं म्हणून त्याला ऊन लागत नाही असं समजू नका. त्या मोठ्या स्नायूंतून धावताना उष्णताही तेवढीच निघते. जीभ रुंद होऊन टोकाला वळली, ती सावलीकडे ओढायला लागली, की धाव तिथेच संपली. मी पाण्याची एक बाटली पिण्यासाठी आणि एक अंगावर ओतण्यासाठी नेते. अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलं तर जिवाशी गाठ. भरपूर साधं पाणी ओतत, वारा घालत डॉक्टरांकडे निघायचं.

जेवण धावेच्या आधी दोन तास नाही, नंतर तासभर नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत कुत्रं हातचं जातं.

दिवाळी

पहाटे पावणेसहा. नरकचतुर्दशीला लोक लवकर उठतात हे मला सुचायला हवं होतं. पलीकडच्या इमारतीत सुतळी बॉम्ब फुटला. हरणी पुढे पळाली नाही, मागे सरकली. मान खाली घालून दोन पावलं मागे आणि पट्टा तिच्या कानांवरून असा निघाला जसा लोण्यातून केस. लवचिक दोरी, कमरेचा पट्टा, सगळं शाबूत आणि टोकाला रिकामी गळपट्टी. तिच्यावरची नावाची चकती अजून हलत होती.

या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, हे मी वाचलं होतं. वाचून पट्टा एक भोक घट्ट केला होता, एवढंच.

मी मागे धावले नाही. आपण मागे लागलो की ती अजून पळणार. तिची नेहमीची शीळ घालत, आम्ही रोज परत येतो त्याच रस्त्याने चालत राहिले. चाळीस मिनिटांनी दोन सोसायट्या सोडून वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली सापडली. काका शेजारी पायरीवर बसले होते. म्हणाले, "हात न्हाई लावला, म्याडम. लई भ्यालंय. म्हनलं बसू द्यावं." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या. मार्टिंगेल गळपट्टी, जी ओढ बसली की डोक्यापेक्षा लहान होईल एवढीच आवळते, गळा दाबत नाही. आणि तीन पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे मानेऐवजी धडाभोवती बसणारा साज. तिसरा पट्टा शेवटच्या बरगडीमागे, कंबर बारीक होते तिथे बसतो. साध्या दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून साइटहाउंड मागे सरकून सहज निघतं. दोरी हार्नेसला आणि हार्नेस एका छोट्या पट्टीने गळपट्टीला. एक सुटलं तर दुसरं धरतं. फटाक्यांचा आठवडाभर धाव बंद.

नोव्हेंबर, डिसेंबर

आता खरं शिकणं, आणि ते आधी माझं. ती कुठे बघते ते मी बघायला शिकले. सुटण्याआधी तिचे कान मुळापासून पुढे येतात, तोंड मिटतं, धाप क्षणभर थांबते. हे सगळं अर्ध्या श्वासात. त्या अर्ध्या श्वासात शब्द पोचला तर पोचला. एकदा ती उधळली की कान बंद.

घराच्या गच्चीपासून सुरुवात केली. खाली मांजर दिसलं, कान पुढे आले, "थांब", आणि माझ्याकडे वळली की चिकन. दोन आठवडे फक्त एवढंच. मग मैत्रिणीच्या प्लॉटवर दोरीला चिंधी बांधून मुलगा ती ओढत पळायचा आणि मी हरणीला धरून तोच शब्द. थांबली की बक्षीस म्हणून चिंधीमागे सोडायची. हे बक्षीस चिकनपेक्षा मोठं ठरलं. डिसेंबरच्या शेवटी दहा वेळांत सात वेळा थांबत होती. उरलेल्या तीन वेळांसाठी दोरी आहे. टेकडीवर तिला मोकळी मी कधीच सोडणार नाही. मोर आणि ससे यांच्या मागे कुत्रं घालणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि तसाही तो टेकडीवर राहणाऱ्यांवर अन्यायच.

भटकी कुत्री दिसली की आम्ही धावणं थांबवून चालतो. धावत गेलं की टोळी मागे लागते. मी मध्ये, हरणी माझ्या पलीकडच्या हाताला. तिची कातडी इतकी पातळ आहे की साधा दात लागला तरी टाके पडतात.

टेकडीवर रोज भेटणारे एक आजोबा डिसेंबरभर सांगत होते, "पोरी, हिला खायला घालत जा गं काहीतरी." मी एकदा थांबून त्यांचा हात तिच्या पाठीवर, मग मांडीवर ठेवला. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे या कुत्र्यांचं योग्य वजन, मांड्या बघा कशा दगडासारख्या आहेत. आता ते येणाऱ्याजाणाऱ्याला हे स्वतः समजावून सांगतात.

जानेवारी

सध्या आठवड्याला तीन धावा : दोन दिवस तीन किलोमीटर, रविवारी पाच, दर किलोमीटरनंतर दोन मिनिटं चाल. बुधवारी प्लॉटवर तीन फेऱ्या. बाकी दिवस नुसतं फिरणं. पहाटे बारा अंशांवर गेलं की निघताना आणि परतताना अंगावर जॅकेट. अंगावर चरबी नाही, ती लगेच कुडकुडते.

उद्या सुट्टी. आज डाव्या मागच्या पंजात सराटा घुसला होता आणि नखाने काढावा लागला, तेव्हा कमरेच्या पिशवीत चिमटा टाकून ठेवायचाय.