आजींचा दात गेला कुठं?

राधानगरीकडच्या आजी, वय ६८, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन. कोल्हापुरात या हॉस्पिटलातनं त्या हॉस्पिटलात भूल देत फिरणाऱ्या माझ्यासारख्याला रोजचीच केस. आदल्या दिवशी विचारलं, आजी कवळी आहे का, दात हलतोय का? "न्हाई वो, समदं घट्ट हाय." तोंड उघडायला लावलं तर मिश्रीनं काळ्या पडलेल्या, दातांपासून सुटलेल्या हिरड्या दिसल्या, तरी बोट लावून एकेक दात हलवून बघितला नाही. गर्दी होती वगैरे आता काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी भूल दिली, लॅरिंगोस्कोप (घशात आत बघायचं, पातं असलेलं उपकरण) घातला, नीट दिसेना म्हणून मनगट जरा मागं वळलं. पातं पुढं-वर उचलायचं असतं, दातांवर टेकवून पहारीसारखं वापरायचं नसतं, हे मीच ज्युनियर पोरांना शिकवतो! कट् झालं. वरचा डावीकडचा पुढचा दात, बहुतेक वेळा हाच जातो कारण पात्याची कड त्याच्याच जवळ येते.

आधी श्वासनळीत ट्यूब टाकली, दोन्ही फुफ्फुसांत हवा जातेय बघितलं, मग शोधाशोध. तोंडात नाही, चादरीत नाही, सक्शनची बाटली गॉजमधनं गाळली, टेबलाखाली टॉर्च मारला, नाहीच. सर्जन घड्याळ बघत म्हणाले, सुरू करूया का, मिळेल नंतर. म्हटलं सर, थांबा. श्वासनळीतनं उजव्या फुफ्फुसात गेला असला तर ब्रॉन्कोस्कोपीनं, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, काढायला लागणार, तसाच राहिला तर न्यूमोनिया. पोर्टेबल मशीन आणलं, मानेपासनं पोटापर्यंत एक्सरे काढला. फुफ्फुसं साफ, आणि खाली जठरात दाताच्या आकाराचा पांढरा ठिपका. हुश्श! तो आपोआप बाहेर पडतो. मग ऑपरेशन झालं.

बाहेर येऊन मुलाला सगळं सरळ सांगितलं, एक्सरे दाखवला, केसपेपरवर लिहिलं. आधी कळलं असतं तर डेंटिस्टकडनं काढून घेतला असता, नाहीतर निदान रेशमी दोरा बांधून गालावर चिकटवला असता म्हणजे निसटला तरी घशात गेला नसता.

संध्याकाळी आजींना सॉरी म्हणायला गेलो तर त्याच हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासनं हालत हुता बाळा. पर सांगितलं असतं तर तुमी आदी दातवाल्याकडं धाडलं असतं, आन् पोराची ऊसतोड चालू, परत कोन आननार मला?"