भाऊंना आत सोडलंच नाही

2005 चा सप्टेंबर, तेहरान. मी तेव्हा दुबईत एका पेपरच्या स्पोर्ट्स डेस्कला होते. महिला इस्लामी क्रीडा स्पर्धा, चौथी खेप, 1993 ला इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रफसंजानींच्या मुलीने, फाएझे हाशमीने सुरू केलेली. आम्ही फुटसल, म्हणजे हॉलमधला पाच-पाच जणींचा फुटबॉल, कव्हर करायला गेलो, मी आणि आमचे फोटोग्राफर भाऊ, रत्नागिरीचे, गळ्यात दोन कॅमेरे आणि खांद्यावर तोफेएवढी लेन्स. आत पुरुषांना एंट्री नाही हे मी दहादा सांगितलेलं, पण भाऊंचं एकच, "ताई, प्रेसचं कार्ड दाखवलं की जमतं सगळं."

नाही जमलं. दारातूनच परत. माझी पण पर्स उपसली, मोबाईल आणि छोटा कॅमेरा काढून घेतला, हातात एक टोकन दिलं, झालं.

आत जाड पडदा, पडद्यामागे खुंट्यांवर डोक्यापासून पायापर्यंत घेतात त्या काळ्या चादोर नि ओव्हरकोट लटकलेले, आणि त्यापलीकडे शॉर्ट्स, हाफ टीशर्ट, पोनीटेल, बुटांचा चर्र आवाज आणि नुसता कल्ला! पंच बाया, टायमरवर बाई, प्रेक्षकांत आज्या नि लेकुरवाळ्या. एका टीमची गोलकीपर सारखी ओरडत होती, कुठेतरी पाहिलंय वाटत होतं, आणि मग तिच्या करंगळीची पांढरी टेप दिसली. अरे, सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली ही, फक्त चेहरा आणि ती करंगळी दिसत होती तेव्हा, आख्ख्या प्रवासात एक शब्द बोलली नव्हती!

तिच्या टीमचे पाच फाऊल भरलेले, सहावा झाला. फुटसलमध्ये मग गोलपुढे खेळाडूंची भिंत लावता येत नाही, 10 मीटरवरून सरळ किक. ही बया तीन पावलं पुढे आली आणि गुडघ्याने अडवला, तोच टेपवाला हात झटकत उठली, बाकीच्या चौघी अंगावर. माझ्याकडे काय, पेन आणि वही. काड्या-काड्यांची माणसं काढली.

बाहेर भाऊ दारावरच्या पोलिसासोबत दातात साखरेचा खडा धरून चहा पीत बसलेले. रुसलेले होते जरा. म्हणलं, याच शहरात आझादी स्टेडियमवर पुरुषांची मॅच बघायला बायकांना सोडत नाहीत, आज तुमची पाळी. यावर हसले.

रात्री डेस्कवरून फोन, फोटो कुठायत? भाऊंनी एकच पाठवला, बंद दार आणि स्टुलावर दोन चहाचे ग्लास. चार कॉलममध्ये छापून आला.