वीज तोडून पाहणे, नोंद ४: फाइल आहे, आत काही नाही

फाइल लिहिल्यावर अचानक वीज गेली तर ती टिकते का, हे तपासायचं आहे. त्यासाठी तपकीर गल्लीतून आणलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) अखेर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पाच व्होल्टच्या वायरीत बसला. आता लॅपटॉप हवी तेव्हा पायची वीज तोडतो आणि दहा सेकंदांनी परत देतो. पुण्यात गुरुवारी वीज जाते, पण आठवड्यातून एकदाच. मला एका रात्रीत शंभरदा जायला हवी होती. (नुसतं किल कमांडने प्रोग्रॅम मारून हे जमत नाही. प्रोसेस मरते, पण कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) पेज कॅशे, म्हणजे रॅममध्ये तात्पुरता ठेवलेला मजकूर, शाबूत राहते आणि तो यथावकाश पायच्या मेमरी कार्डावर पोचतोच.)

पायवर छोटा सी प्रोग्रॅम आहे. क्रमांकाची नवी फाइल लिहायची, बंद करायची, सिरियल वायरीवरून लॅपटॉपला ‘लिहिली’ म्हणून कळवायचं. पाय पुन्हा उठला की लॅपटॉपची यादी आणि कार्डावरच्या फाइली ताडून बघायच्या. फाइलसिस्टीम (कार्डावर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) लिनक्सची एक्स्ट४, सगळी सेटिंग्ज मूळचीच.

लिहिल्यावर दहा-बारा सेकंदांनी वीज तोडली, तर फाइली नावानिशी हजर आणि आकार शून्य! मला वाटलं जर्नलच, म्हणजे फाइलसिस्टीमची बदल आधी नोंदून ठेवायची वहीच, बिघडलं. फाइलसिस्टीम तपासणारं एफएसचेक मात्र म्हणे सगळं ठीक आहे, आणि ते खरंच होतं. जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा (फाइलचं नाव, आकार, जागा) जातो आणि दर ५ सेकंदांनी कमिट होतो, म्हणजे कार्डावर पक्का होतो, म्हणून नाव टिकलं. मजकूर अजून रॅममध्येच होता. त्याला डिस्कवर जागा द्यायचं काम एक्स्ट४ शक्य तितकं लांबवते, आणि कर्नल रॅममधल्या मजकुराची अशी पानं सुमारे ३० सेकंद जुनी झाल्यावरच लिहायला काढतो. ‘आधी मजकूर, मग मेटाडेटा’ हा एक्स्ट४च्या मूळच्या सेटिंगचा, ऑर्डर्ड मोडचा, नियम जागा मिळालेल्या मजकुरापुरताच आहे, हे मला इतके दिवस नीट कळलंच नव्हतं. २००९ मध्ये याच शून्य आकाराच्या फाइलींवरून बराच वाद झाला. त्यानंतर नवी फाइल लिहून ती जुन्या फाइलीवर रीनेम करणं किंवा जुनीच रिकामी करून पुन्हा लिहिणं, या दोन रीतींसाठी एक्स्ट४मध्ये खास सोय आली. माझ्या फाइली कोऱ्या, नव्या, म्हणून त्या सोयीत बसत नाहीत.

मग एफसिंक (मजकूर कार्डावर पोचेपर्यंत थांबणारी आज्ञा) घातला, फाइलवर आणि तिच्या डिरेक्टरीवरही. एक्स्ट४वर डिरेक्टरीचा सहसा लागत नाही, पण पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टीमचं प्रमाण तशी हमी देत नाही, म्हणून मी तो ठेवणार. ‘लिहिली’ हा निरोप आता एफसिंक परतल्यावरच जातो. वेग दाणकन पडला, पण चांगल्या कार्डावर रात्रभरात कळवलेली एकही फाइल हरवली नाही.

स्वस्तातल्या दुसऱ्या कार्डावर मात्र एफसिंक होऊन गेलेल्या तीन फाइली गायब. कार्ड ‘झालं’ म्हणालं की कर्नल विश्वास ठेवतो. आत कंट्रोलर (कार्डातली चिप) काय करत होता ते त्याला दिसत नाही. ते कार्ड मी वेगळं काढून ठेवलंय.

पुढच्या खेपेला लिनक्समधलं डीएम-लॉग-राइट्स हे साधन लावणार आहे. त्यात प्रत्येक राइट आणि फ्लश (साठलेलं डिस्कवर उतरवायचा आदेश) क्रमाने नोंदून ठेवता येतो आणि हव्या त्या टप्प्यापर्यंत पुन्हा चालवून डिस्क तपासता येते. कुणी ते पायवर चालवलं असेल तर कर्नलमध्ये कोणते पर्याय चालू करावे लागले ते जरूर कळवा.